मुलांना भेदाभेद कोण शिकवतो?

सज्जनहो, हा लेख लहान मुलांविषयी आहे, पण वाचायचा तो मोठ्यांनी. लिहिणारा कोणी अधिकारी पुरुष नाही. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकवली आणि वर्षाकाठी एक वारी केली, एवढीच माझी पुंजी. त्या पुंजीला परवा परवा एक भोक पडलेले दिसले, ते आपणांपुढे उघडे करतो.

आमचे गाव बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. गावात दरसाल अखंड हरिनाम सप्ताह होतो. गेल्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन फार छान झाले. बुवांनी गोकुळातली शिदोरी डोळ्यांसमोर उभी केली. पेंद्याची शिळी भाकर, कोणाचे आंबट ताक, कोणाचे नुसतेच लोणचे. देवाने सगळे एकत्र कालवले आणि आपल्या हाताने गड्यांच्या मुखी घातले. मोठ्यांचा काला चालू असताना मंडपाच्या एका बाजूला आम्ही मुलांचा निराळा काला मांडला होता. प्रत्येकाने घरून घासभर शिदोरी आणायची आणि परातीत टाकायची. माझी नात सात वर्षांची. परातीजवळ तीच पुढारी होऊन बसली होती. तिच्याच वर्गातली, वारली पाड्यावरची एक मुलगी पळसाच्या पानात नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी घेऊन आली. (काल्यात सुकट चालत नाही हे त्या पोरीला कोणी सांगितले नव्हते, ती चटणी बाजूला ठेवता आली असती.) नातीने परातीवर आडवा हात धरला आणि म्हणाली, "तुझं नको. आपला काला बाटेल."

ती मुलगी पान मिटून मंडपाच्या खांबाला टेकून उभी राहिली. जवळच्या दोन बायका हसल्या. मी चार हातांवर होतो. मी काही बोललो नाही. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, कानांत नुकतीच ऐकलेली गोपाळांची कथा, आणि तोंडातून शब्द नाही.

रात्री तिला जवळ घेऊन विचारले, "बाळ, बाटणं म्हणजे काय ग?"

"मला नाही माहीत."

"मग म्हणालीस कशी?"

तिने माझे बोट धरून मला मागच्या पडवीत नेले. तिथे कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा घातलेला असतो. भातलावणीला, कापणीला पाड्यावरून ज्या बाया येतात त्यांच्या चहाचा तो कप. नात म्हणाली, "हा आत आणला की बाटतं." तो कप तिथे केव्हापासून आहे ते मला सांगता येणार नाही. माझ्या लग्नाच्या आधीपासून, त्या कोनाड्यात, एक फुटला की दुसरा. शाळेत मी रोज मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली, आणि घरी हा कप दुसरेच काही म्हणत होता. नातीने दोहोंपैकी कोणाचे ऐकले ते काल्याच्या परातीपाशी समजले.

आपण म्हणतो की मूल निष्पाप असते, त्याला जातपात, काळेगोरे कळत नाही, ते कोणी तरी बाहेरून त्याच्या मनात भरवते. हे बाहेरचे कोणी शोधायला फार लांब जावे लागत नाही. मूल व्याख्यानावरून शिकत नाही. भांड्यावरून, जागेवरून आणि हाकेवरून शिकते. कोणाला कोणते भांडे दिले, कोणाला कुठवर येऊ दिले आणि कोणाला कशी हाक मारली, हे ते बिनचूक टिपून ठेवते.

हाकेचे पाहा. केस विस्कटलेली पोर घरात आली की आई म्हणते, "काय कातकरणीसारखा अवतार करून आलीस!" आईच्या मनात वाईट काही नसते, तिच्या आईनेही तिला तेच म्हटलेले असते. पण ऐकणाऱ्या पोरीच्या मनात एका अख्ख्या जमातीचे नाव शिवी म्हणून जाऊन बसते. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी, हे हुन्नराचे नाव. ज्या विड्यातला कात आपल्या आज्यापणज्यांनी आवडीने खाल्ला, तो काढणाऱ्यांचे नाव घाणेरडेपणाला दिले. दुसरी हाक बोईसरला ऐकू येते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा लांबलांबच्या मुलुखातून माणसे पोट भरायला आली. त्यांची मुले आपल्या मुलांशेजारी बसतात. मुळात भैया म्हणजे भाऊ. तोच शब्द आपली मुले दात ओठ खाऊन उच्चारतात. भाऊ म्हणून हिणवायचे, असा हा अजब प्रकार!

कोणी म्हणेल, "गुरुजी, सात वर्षांच्या पोराला एवढे कुठले कळते? मोठे झाले की आपोआप समज येईल." मलाही असेच वाटे. पण अमेरिकेतली एक हकीकत वाचण्यात आली, ती सांगतो. तिथे केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णी पतिपत्नींनी सन १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सगळ्या एकाच घडणीच्या, फरक फक्त रंगाचा. विचारले, चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, खेळायला कोणती हवी? पुष्कळ मुलांनी गोरी ती चांगली आणि काळी ती वाईट असे सांगितले. मग विचारले, आता तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे. तेव्हा काही मुले रडू लागली. तीन-चार वर्षांचे लेकरू स्वतःला वाईट म्हणायला शिकले होते, आणि तसे कोणी त्याला वर्गात शिकवले नव्हते. पुढे १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्यागोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या कामाचाही आधार घेतला.

म्हणजे अपमान करणारे मूल बिघडते एवढेच नव्हे, ज्याचा अपमान होतो ते मूल त्या अपमानावर विश्वास ठेवू लागते. खांबाला टेकलेल्या त्या पोरीने हट्ट केला नाही, रडली नाही, पान मिटले. तिला ते ओळखीचे होते. माझ्या जिवाला जास्त लागले ते हे.

बाहुल्यांची गोष्ट समुद्रापलीकडची खरी, पण आपण नाक वर करू नये. आपल्याकडे मुलगी झाली की पहिला प्रश्न रंगाचा. आणि आराध्यदैवत कोण? सावळा विठ्ठल. विटेवर उभे आहे ते काळे, आणि घरी सून पाहिजे ती गोरी! मुलाने विचारले की "ती एवढी काळी का?" तर त्याला गप्प बसवू नये. गप्प बसवले की त्याला वाटते, काळे असणे ही लाजेची गोष्ट आहे, म्हणून मोठी माणसे बोलत नाहीत. सरळ सांगावे. कातडीत रंगाचा एक अंश असतो; ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या कडक उन्हाच्या मुलुखात काढल्या त्यांच्या कातडीत तो जास्त असतो आणि तो उन्हापासून जपतो. मग विठोबाच्या तसबिरीकडे बोट दाखवावे. मात्र "काळी असली तरी गुणाची आहे" असे कधी म्हणू नये. त्या "असली तरी"त सगळे पाणी मुरते.

आता संतकथांविषयी. या आपल्या घरच्या ठेव्यात मुलांना सांगण्याजोगे अपार आहे, पण आपण त्या कथा कशा सांगतो याचाही विचार व्हावा. चोखोबांचेच घ्या. मंगळवेढ्याला कूस कोसळून त्यांचा अंत झाला, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि पंढरीला महाद्वारासमोर समाधी दिली, असे आपण सांगतो आणि डोळे पुसतो. नातीने विचारले, "समाधी बाहेर का? आत का नाही?" पूर्वी मी अशा प्रश्नाला उत्तर देत असे की, बाळ, त्यांना नामदेव पायरीजवळच राहायचे होते, देवाची तशी इच्छा होती. हे उत्तर खोटे आहे. मुलाला खोटे सांगून समभाव शिकवता येत नाही. खरे उत्तर असे: "त्यांना माणसांनी आत जाऊ दिलं नाही. ते महार होते म्हणून. ती माणसांची चूक होती, देवाची नव्हे." आणि लगेच पुढचेही सांगावे की ही चूक फार फार वर्षे चालली; साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कुठे विठोबाच्या मंदिरात सर्वांना प्रवेश देण्याचे ठरले. सहाशे वर्षांवर काळ गेला. नातीने बोटे मोजण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

नाथांची कथा त्या मानाने मुलांना लवकर पोचते, कारण तीत एक मूल आहे. पैठणला गोदावरीच्या वाळवंटात, भर दुपारी, अस्पृश्य मानलेल्या घरचे एक पोर आईमागे धावताना तापल्या वाळूत पडले. नाथ स्नान करून येत होते. त्यांनी ते उचलले, त्याचे नाक पुसले आणि घरी नेऊन पोचवले. ही कथा सांगताना मी आता नाथांचा मोठेपणा शेवटी ठेवतो. आधी विचारतो, "पाय कसे भाजले असतील ग?" वाळू भाजते ही मुलाला माहीत असलेली गोष्ट आहे. तिथून ते त्या पोराच्या बाजूने उभे राहते. आळंदीच्या चार भावंडांची कथाही अशीच सांगावी. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना गावाने वाळीत टाकले, ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही मुलेच होती. ज्या माउलीच्या पालखीमागे आज लाखो चालतात तिला एकेकाळी "तुझं नको" असेच कोणी म्हटले होते.

संतांच्या गोष्टी जुन्या काळच्या, तेव्हा तसे होते, असे मुलाला वाटू नये म्हणून मी एक अलीकडची जोडून सांगतो. भीमराव नावाचा एक मुलगा होता, साताऱ्याच्या शाळेत. बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण त्याचे गोणपाट शाळेचा झाडूवालाही उचलत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई नळ सोडील तेव्हा प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. १९०१ साली तो, त्याचा भाऊ आणि भाचे कोरेगावला वडिलांकडे निघाले. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना निरोप वेळेवर पोचला नव्हता, म्हणून कोणी न्यायला आले नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. महार म्हटल्याबरोबर चार पावले मागे सरला. कोणी गाडीवान त्यांना गाडीत बसवीना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही असा की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. बरोबर खाण्याचा डबा भरलेला होता, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही. मुले रात्रभर उपाशी निजली. तो नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. माझ्या नातीला घटना, कायदा काही समजले नाही. "डबा भरलेला आणि पाणी नाही" हे मात्र समजले. ती दोनदा म्हणाली, "पण पाणी तर होतं ना?"

पाणी होते. तहानेपुरतेच नव्हते.

इथवर सांगण्याचे झाले. पण नुसते सांगून भागते काय? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीत आणि कोसबाडच्या टेकडीवर, दोन बायांनी देऊन ठेवले आहे. ताराबाई मोडक या शिकल्यासवरलेल्या, गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढलेल्या. त्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या. कपाळी आलेल्या वेगळेपणाचा अर्थ त्यांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. (योगायोग असा की ते १९४५ सालच डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केल्याचे साल. लग्नाला कर्ज काढले की नवराबायको दोघेही सावकाराचे लग्नगडी, अशी ती रीत होती.)

बालवाडी काढली, तरी सगळी मुले काही तिच्या दारात येत नाहीत. घर लांब असते, धाकटे भावंड काखेत असते, अंगावर कपडा नसतो, आणि "आपल्याला तिथे कोण बसवून घेणार" ही भीती असते. आपण असतो तर म्हणालो असतो, दार सर्वांना उघडे आहे, येत नाहीत त्याला आम्ही काय करणार! ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली, मुलांना सवड असेल त्या वेळी. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर गावोगाव ज्या अंगणवाड्या दिसतात, सरकारची जी योजना १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाली, तिच्या नावाचे मूळ हे असे आपल्या बोर्डीच्या अंगणात आहे. महागड्या खेळण्यांऐवजी शंखशिंपले, खडे, बिया, पाने वापरली. मुलाला आपल्या अंगणातल्या वस्तूंची लाज वाटू नये, हाही त्यात धडा होता.

१९५७ साली दोघी कोसबाडला आल्या. तिथे वारल्यांची मुले दिवसभर गुरे राखत. शाळेत येणार कशी? मग कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षकाने जायचे. सज्जनहो, हे वाचताना मला काल्याचे कीर्तन आठवले. गुरे राखणारे म्हणजे गोपाळ. आपण वर्षभर ज्यांच्या शिदोरीचे गोडवे गातो ते गवळ्याचे पोर आपल्या पाड्यावर हातात काठी घेऊन खरेखुरे उभे असते, आणि ते परातीपाशी आले की आपण आडवा हात धरतो. त्या दोघी भजन करीत नव्हत्या, पण कुरणात जाऊन शिदोरी सोडून बसल्या.

एक सूचना या अनुषंगाने केल्यावाचून राहवत नाही. मुलांना आदिवासींची कीव करायला शिकवू नये. "बिचारे गरीब" हा शब्दही एक प्रकारचा कोनाडाच आहे. वारल्यांचे त्यांचे देव आहेत. धान्याची कणसरी आहे, वाघदेव आहे. तारप्याच्या सुरावर हातात हात गुंफून फेर धरतात तो पाहायला मुलाला पाहुणा म्हणून न्यावे. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बाया तांदळाच्या पिठाने भिंतीवर जे काढतात ते चित्र जगभर गेले. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्या घरच्या मुलाने त्यांच्याकडून काही शिकावे, असेही व्हावे. ज्याच्याकडून शिकलो त्याच्या भाकरीने बाटणे जड जाते.

आमच्या घरी काय झाले ते सांगून लेख संपवतो. काल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नातीला घेऊन पाड्यावर गेलो. तिने माफी मागावी म्हणून तिला पढवले नव्हते. मीच त्या मुलीच्या बापाजवळ हात जोडून म्हणालो की काल माझ्या घरून चूक झाली, आणि ती पोरीची नव्हे, माझी. त्याला फार संकोच वाटला. त्याने विषय बदलला आणि पावसाचे बोलू लागला. दोन्ही मुली तोवर करवंदाच्या जाळीत शिरल्या होत्या.

घरी मंडळींशी थोडे कठीण गेले. "एवढ्या वर्षांची पद्धत, आणि त्या बायांना तरी कुठे वाईट वाटतंय?" असे ती म्हणाली. मी म्हटले, "वाईट वाटतं की नाही हे आपण कधी विचारलंय?" दोन दिवस बोलणे कमी झाले. तिसऱ्या दिवशी कोनाडा रिकामा दिसला. कप कुठे गेला ते मी विचारले नाही.

यंदा लावणीला बाया आल्या तेव्हा चहा घरातल्या कपांतून दिला आणि ओटीवर या म्हटले. त्यांतली जी सर्वांत म्हातारी, माझ्या वडिलांच्या वेळेपासून येणारी, ती आली नाही. मागच्या पायरीवरच बसली, चहा प्याली, कप पाण्याने विसळला आणि सवयीने कोनाड्यात पालथा घालून ठेवला.

नात सगळे पाहत होती. "आजोबा, आता तर आत चालतं ना? मग ती का येत नाही?"

मी म्हणालो, "बाळ, पन्नास वर्षं आम्ही तिला येऊ नको असं सांगितलं. एका दिवसाच्या बोलावण्यावर ती कसा विश्वास ठेवील?"

नातीने थोडा विचार केला. मग आपला दुधाचा पेला उचलला आणि मागच्या पायरीवर म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली. म्हातारी जरा बाजूला सरकली. नात तेवढीच तिच्याकडे सरकली.